कॅश जुळली का?

आमच्या घरी संध्याकाळी सातच्या सुमारास दाराची कडी वाजली की बाबा आतूनच विचारायचे, ‘कॅश जुळली?’ आई चपला काढता काढता ‘जुळली’ म्हणायची आणि मग चहाचं आधण चढायचं. ती एका राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर होती. ‘नाही जुळली’ हे शब्द तिच्या तोंडून मी फार तर पाचसहा वेळा ऐकले असतील. त्यातल्या एका संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले होते. ते तिने आपल्या पदरचे घातले, कारण तूट आली तर कॅशियरने भरायची आणि रक्कम जास्त निघाली तर ती बँकेच्या खात्यात जमा व्हायची. या एकतर्फी न्यायाबद्दल तिची कधी तक्रार नव्हती. नोकरीतलं तिला सगळ्यांत काय आवडायचं, हे मी तिला अगदी अलीकडे विचारलं. मला वाटलं, पगार म्हणेल, मैत्रिणी म्हणेल. ती म्हणाली, ‘दिवस संपायचा रे. कपाटाला दोन किल्ल्या लागल्या की संपला.’

बँकेच्या नोकरीत काय आवडतं आणि काय नाही, असं कुणाही बँकवाल्याला विचारलं तर उत्तरं ठरलेली येतात. पगार वेळेवर, घराचं कर्ज स्वस्त, चार माणसांत मान. आणि दुसऱ्या बाजूला टार्गेट, बदली, कामाचा शनिवार, गिऱ्हाइकाच्या शिव्या. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. पण शेजारी शेजारी ठेवल्या की ती बहुतेक एकच यादी निघते. ज्या सहीमुळे मॅनेजरला मान मिळतो तीच सही उद्या चौकशीच्या टेबलावर येते. ज्या बढतीची वाट बघायची तिच्याच पाठीवर बसून बदली येते. आणि या सगळ्याच्या तळाशी मला एक बदल दिसतो, तो आईच्या उत्तरातला. हे काम पूर्वी रोज संपायचं. आता ते संपत नाही.

आधी आवडीचं. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांत १९३५ साली स्थापन झालेली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. तेव्हा देशभरात सगळ्या बँकांच्या मिळून आठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. १९८० साली आणखी सहा बँका सरकारकडे आल्या. शाखा तालुक्यांत गेल्या, मग बाजाराच्या गावांत गेल्या आणि त्यांच्याबरोबर नोकऱ्याही गेल्या. शाळामास्तरांची, तलाठ्यांची, गिरणी कामगारांची मुलं परीक्षा देऊन ‘बँकेत चिकटली’. या चिकटण्याचा लग्नाच्या बाजारात केवढा भाव होता, हे त्या काळातल्या उपवर मुलींच्या वडिलांना विचारावं. ‘मुलगा बँकेत आहे’ या वाक्यापुढे पत्रिका फारशी कुणी काढत नसे.

या भावामागे संघटना होती. ऑल इंडिया बँक एम्प्लॉइज असोसिएशन १९४६ सालची. शास्त्री निवाडा, देसाई निवाडा अशी लवादांची वाट तुडवून १९६६ साली पहिला द्विपक्षीय करार झाला आणि तेव्हापासून देशभरातल्या बँकवाल्यांचे पगार एका टेबलावर ठरत आले. क्लार्क गडचिरोलीत असो की गिरगावात, घरभाड्यासारखे भत्ते सोडले तर मूळ पगार तोच. मार्च २०२४ मधल्या बाराव्या करारात वेतनखर्चात १७ टक्के वाढ ठरली. नव्या क्लार्कचा मूळ पगार २४,०५० रुपये झाला आणि स्केल वनच्या अधिकाऱ्याचा ४८,४८०. करार नेहमी उशिरा होतात, हे बँकवाल्यांचं दुखणं आहे आणि गुपचूप सुखही. अकरावा करार नोव्हेंबर २०१७ पासून लागू व्हायचा होता, सह्या झाल्या नोव्हेंबर २०२० मध्ये. तीन वर्षं कुरकुर, मग एकदम अरिअर्स. माझ्या नात्यात एका घरातला फ्रिज, एका बहिणीच्या बांगड्या आणि एक बुलेट अशा वस्तू केवळ अरिअर्समुळे आलेल्या आहेत. दर महिन्याला थोडे थोडे मिळाले असते तर यातलं काहीच आलं नसतं.

सवलतींची गोष्ट थोडी निराळी आहे. बँकवाल्याला घरासाठी, गाडीसाठी मिळणारं कर्ज बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त असतं आणि त्याचा त्याला अभिमान असतो. व्याज वाचवणं हा धंदाच शिकलेला माणूस तो. पण या वाचलेल्या व्याजावर प्राप्तिकर लागतो. तो लागू नये म्हणून संघटना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, ही सवलत म्हणजे पगारातलाच लाभ, कर भरा. त्याआधी २०२२ मध्ये प्रवास सवलतीचंही असंच झालं होतं. भारतातल्या एका गावाला जाताना वाटेत परदेश करून येण्याची एक सोयीस्कर पद्धत पडली होती. जायचं दक्षिणेत, पण क्वालालंपूरमार्गे. त्याला न्यायालयाने नकार दिला. भूगोलाची इतकी कल्पक मांडणी मला तरी दुसऱ्या कुठल्या खात्यात दिसलेली नाही.

पण पगार आणि सवलती याहून मोठी गोष्ट होती ती वेळ. दुपारी दोनला काउंटर बंद व्हायचं. नंतरचे तास वह्यांचे. बचत खात्यांची लेजरं, डे-बुक, महिन्याची जुळवणी. फरक आला तर आधी त्याला नवाने भागून बघायचं. पूर्ण भाग गेला तर कुणीतरी १६०च्या जागी ६१० लिहिलेत, आकडे उलटे पडलेत, असा संशय घ्यायचा आणि त्या दिशेने वह्या पिंजायच्या. आई हे आजही किराणा बिलावर करते. ही मंडळी चिडायची, थकायची, पण फरक सापडला की सबंध शाखा चहा प्यायची. नंतर घर, आणि घरानंतर नाटकाची तालीम किंवा मैदान. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत रंगभूमीवर उभे राहिले, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, भारताचे कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेचे अधिकारी होते. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात संस्थांची, अनुदानांची नावं येतात. बँकांनी दिलेल्या संध्याकाळींची नोंद कुणी घेतल्याचं मला दिसलेलं नाही. या संध्याकाळी बँकांनी मन मोठं करून दिल्या असंही नाही म्हणा. काम खरोखरच तेवढं होतं आणि संघटना तेवढ्या बळकट होत्या. काउंटरच्या अलीकडे उभं राहून टोकन हातात धरून तासभर ताटकळलेल्यांना या सुवर्णकाळाच्या आठवणी वेगळ्या असतील, हेही इथेच सांगायला हवं.

मग संगणक आला. ऐंशीच्या दशकात संघटनांनी त्याला विरोध केला, करारांत त्याच्यावर मर्यादा घातल्या, कारण भीती कपातीची होती. तशी कपात झाली नाही, पण २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतले लाखाच्या घरातले लोक तिच्यातून बाहेर पडले. आई त्यांतलीच. नंतर कोअर बँकिंग आलं आणि लेजरं गेली. आता फरक येतच नाही, दिवसअखेरीची जुळवणी यंत्र करतं. विरोध करणाऱ्यांना वाटलं होतं, यंत्र आपलं काम घेईल. त्याने घेतला तो कामाचा शेवट. लेजर बंद केल्यावर मोकळा झालेला माणूस रिकामा बसवायला कुणी तयार नव्हतं. १९९१ नंतर नव्या खासगी बँका आल्या, स्पर्धा आली, आणि मोकळ्या झालेल्या हातांत विकायच्या वस्तूंची यादी आली.

आता नावडीचं, आणि त्यात पहिलं हेच. सकाळी साडेनऊला शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे येतात. बचत खाती किती, चालू खाती किती, सोनेतारण किती, विमा किती, क्रेडिट कार्डं किती, मोबाइल ॲप किती जणांच्या फोनवर चढवलं. २०१५च्या मे महिन्यात सुरू झालेल्या जीवनज्योती, सुरक्षा विमा आणि अटल पेन्शन या तीन योजनांचे आकडे वेगळे. संध्याकाळी व्हिडिओवर आढावा. शून्य असेल तर का शून्य, आणि पाच असतील तर शेजारच्या शाखेचे आठ कसे? कॅशला शून्य फरक हे सुख होतं, इथे शून्य ही शिक्षा आहे. आणि पूर्ण झालेलं टार्गेट पूर्ण राहत नाही, पुढच्या तिमाहीत तेच पायरी बनतं. जुळलं असं म्हणून किल्ली लावायला जागाच नाही.

आकडा मागितला की आकडा तयार होतो, हे बँकेइतकं कुणाला कळणार? ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली आणि कोट्यवधी खाती उघडली गेली. त्यांतली फार खाती रिकामी आहेत अशी टीका झाल्यावर वरून दबाव आला. २०१६ मध्ये वर्तमानपत्रांनी दाखवून दिलं की अनेक ठिकाणी बँकवाल्यांनीच त्या खात्यांत एकेक रुपया भरला होता. तो रुपया कुठून आला? कुठे चहापाण्याच्या खर्चातून, कुठे थेट खिशातून. या बातमीवर लोक हसले. मला तिच्यात आईचे पाचशे रुपये दिसले. पण आईने खरी तूट भरली होती, यांनी खोटी बाकी दाखवली. दोन्ही वेळा खिसा कर्मचाऱ्याचाच.

कामाचा डोंगर बँकवाल्यांना सलतो, पण जास्त सलते ती लाज. समोर निवृत्त शिक्षक बसलेत, त्यांना मुदतठेव ठेवायची आहे. ते या काउंटरवर वीस वर्षं येतात आणि काउंटरवरची मुलगी सांगेल तिथे सही करतात. तिच्या यादीत विम्याचं टार्गेट आहे. ती ‘सर, यात ठेवीपेक्षा जास्त मिळतं’ म्हणते आणि पॉलिसी गळ्यात पडते. दुसऱ्या वर्षी हप्त्याची आठवण आली की शिक्षक परत त्याच काउंटरवर येतात. तोवर मुलीची बदली झालेली असते, ते बोलणं दुसऱ्याला ऐकावं लागतं. २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनीच बँकांच्या जाहीर कार्यक्रमात या चुकीच्या विक्रीबद्दल बँकांना सुनावलं. बँकेचं भांडवल लोकांचा विश्वास, हे वाक्य प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात. तो विश्वास किरकोळीत विकायचं काम कोवळ्या पोरांच्या वाट्याला येतं.

सहीचंही तसंच. गावात शाखाधिकारी म्हणजे डॉक्टर आणि मुख्याध्यापक यांच्या पंगतीतला माणूस. शैक्षणिक कर्ज मंजूर करून पाठवलेली मुलगी नोकरीला लागली आणि पेढे घेऊन आली, बचत गटाच्या बायकांनी दहा हजारांपासून सुरुवात करून पापडाचं यंत्र घेतलं, असे प्रसंग बँकवाले निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनीही खातेक्रमांकासकट सांगतात. इतर कुठल्या नोकरीत एका सहीने कुणाचं आयुष्य इतकं हलतं? पण कर्ज थकलं की प्रश्न उलटा येतो: सही कुणाची? स्टाफ अकाउंटॅबिलिटी या शब्दाची धास्ती खऱ्या चोरापेक्षा प्रामाणिक माणसाला जास्त असते. निवृत्तीला महिना उरला असताना आठ वर्षांपूर्वीच्या कर्जावरून आरोपपत्र हातात पडलेले लोक या धंद्यात कमी नाहीत. म्हणून अनुभवी मॅनेजर कर्ज नाकारायला शिकतो, आणि मग गाव म्हणतं, बँक पीककर्ज देत नाही. त्यावर कर्जमाफीचं वळण. २००८ची केंद्राची, २०१७ची आणि २०१९ची राज्याची. घोषणा मंत्रालयात होते, याद्या, आधार, अंगठे आणि वगळलेल्या शेतकऱ्याचा संताप शाखेत येतो. नियमित फेडणारा विचारतो, ‘साहेब, मी फेडलं ही चूक झाली का?’ याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नसतं.

काउंटर ही अशी जागा आहे की दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाची किंमत तिथे वसूल होते. याची मोठी परीक्षा ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री सुरू झाली. चलनातल्या नोटांच्या मूल्यापैकी ८६ टक्के रद्द. ९ तारखेला बँका बंद, १० पासून रांगा, शनिवार-रविवारही चालू. नियम आठवड्यात अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदल शाखेला गिऱ्हाइकाइतकाच उशिरा, बऱ्याचदा टीव्हीवर कळला. नव्या नोटा जुन्या एटीएमच्या कप्प्यांत बसत नव्हत्या, त्याचाही राग काउंटरवरच. रात्री दहाला मोजणी करताना बनावट नोटा निघाल्या, बंडलं कमी भरली आणि ती भरपाई अनेक कॅशियरांनी स्वतः केली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना तर चार दिवसांतच जुन्या नोटा घेण्यापासून रोखलं गेलं, त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातला आपला सभासद त्यांना दारातून परत पाठवावा लागला. आणि तरीही गंमत अशी, की नोटाबंदीच्या त्या पन्नास दिवसांबद्दल बोलताना बँकवाल्यांचा आवाज चढतो तो तक्रारीने कमी आणि अभिमानाने जास्त. त्या दिवसांत शाखेत कुणी टार्गेट विचारलं नाही. काम एकच होतं, नोटा घ्यायच्या, मोजायच्या, जुळवायच्या. रात्री अकराला का होईना, दिवस संपत होता.

२०२० च्या टाळेबंदीत जनधन खात्यांत बायकांचे पाचशे रुपये आले तेव्हा आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आले तेव्हा पुन्हा त्याच रांगा लागल्या. आधार जोडलेलं नाही, केवायसी संपलंय, किमान शिल्लक नाही म्हणून आलेल्या पैशांतून दंड कापला गेलाय. कापणारी संगणकप्रणाली मुंबईत, ऐकणारा क्लार्क नांदेडात.

बदलीबद्दल आता थोडं सविस्तर, कारण बँकवाल्यांच्या बायकांशी, नवऱ्यांशी बोललं तर पहिला विषय हाच निघतो. २०११ साली बँकभरतीसाठी आयबीपीएसची सामाईक परीक्षा सुरू झाली. क्लार्कची भरती राज्यवार असते आणि त्याला स्थानिक भाषा यावी लागते. अधिकारी मात्र देशभर कुठेही. त्यामुळे क्लार्क असलेली कितीतरी हुशार माणसं, विशेषतः बायका, बढतीची परीक्षा मुद्दाम देत नाहीत किंवा मिळालेली बढती परत करतात. मुलीची दहावी, सासूचं आजारपण, नवऱ्याची पुण्यातली नोकरी. मी अशा एका बाईंना ओळखतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेले तिघे आज त्यांचे साहेब आहेत. त्यांना वाईट वाटतं का? त्या म्हणतात, वाटतं, पण संध्याकाळी सहापर्यंतच. ज्याने बढती घेतली तो दर तीन वर्षांनी शाळेचा दाखला काढतो, गॅस जोडणी बदलतो, आणि चाळिशीत कुटुंब एका गावी व आपण दुसऱ्या गावी असा भाड्याच्या खोलीतला संसार मांडतो. बँकेची नोकरी लग्नाच्या बाजारात मिरवणारे वडील हे सांगायला विसरले होते.

याच व्यवस्थेचं दुसरं टोक महाराष्ट्राने २०२५च्या एप्रिलमध्ये पाहिलं. बँकांत मराठीतून व्यवहार व्हावा म्हणून शाखांत शिरून आंदोलन झालं. मागणी रास्तच आहे. आपल्या गावातल्या बँकेत आपल्या भाषेत पैसे काढता येऊ नयेत, याइतकी अपमानास्पद गोष्ट दुसरी नाही. आणि रिझर्व्ह बँकेनेच शाखांतले फलक, अर्ज स्थानिक भाषेत ठेवायला सांगितलेलं आहे. पण ज्याची कॉलर धरली जाते तो पाटण्याचा पंचवीस वर्षांचा पोरगा स्वतःहून हिंगोलीत आलेला नसतो. त्याला ज्याने पाठवलं तो कार्यालयात बसलेला असतो. आपलीही मुलं तिरुनेलवेलीला आणि दिब्रुगडला अशीच काउंटरवर बसून खाणाखुणा करत असतात. बहुतेक जण सहा महिन्यांत ‘बसा’, ‘सही करा’, ‘उद्या या’ इतकं शिकतात. शेवटचं जरा लवकरच शिकतात.

सरकारी बँकांची ही रड ऐकून खासगी बँकेतला माणूस हसतो. त्याच्याकडे बढती लवकर होते, पगार वेगाने वाढतो, शाखा चकचकीत असते आणि हुशार पोराला तिशीत टीम मिळते. त्याला हे आवडतं, आणि का आवडू नये? पण तो टिकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या अहवालानुसार निवडक खासगी आणि लघु वित्त बँकांत नोकरी सोडण्याचं प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे चारांतला एक दर वर्षी जातो. त्याच वर्षी खासगी बँकांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या सरकारी बँकांतल्यांपेक्षा जास्त झाली. म्हणजे आज ‘बँकेत आहे’ या शब्दांचा बहुसंख्य अर्थच बदलला आहे, आणि वधूपित्यांना ते अजून कळायचं आहे. २०२३ मध्ये एका खासगी बँकेतल्या वरिष्ठाचा ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांवर खेकसण्याचा व्हिडिओ फिरला आणि त्याला निलंबित केलं गेलं. बँकवाल्यांच्या ग्रुपांवर आश्चर्य वेगळंच होतं: यात बातमी काय?

महाराष्ट्राबद्दल लिहायचं आणि सहकारी बँका सोडायच्या, हे बरं नव्हे. नागरी सहकारी बँका सर्वाधिक आपल्याकडे आहेत. तिथला पगार कमी, पण बदली फार तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. गिऱ्हाइकाचं नाव, त्याच्या दुकानाची उलाढाल आणि त्याच्या मुलाचे मार्क, तिन्ही पाठ. संचालकांच्या नातेवाइकांचा जाच असतोच. खरा घोर तेव्हा, जेव्हा रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत हजार रुपयेच काढता येतील असं ठरलं. निर्बंध आलेल्या अशा कुठल्याही बँकेत काउंटरवरचा माणूस रोज शेकडो लोकांचा आक्रोश ऐकतो आणि त्याची स्वतःची बचतही बहुधा तिथेच अडकलेली असते. हे त्याला बोलून दाखवता येत नाही. त्याच्याही खाली, कुठल्याच करारात नसलेले ‘बँक मित्र’ आहेत. गावात अंगठा घेऊन पैसे देणारे, कमिशनवर जगणारे. त्यांना बँकेचं काय आवडतं, हे विचारायला मी धजलो नाही.

शनिवारबद्दल संघटना आज सगळ्यांत जास्त बोलतात. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. उरलेले दोनही मिळावेत, त्या बदल्यात रोज चाळीस मिनिटं जास्त बसू, असं बँका आणि संघटनांनी मार्च २०२४ मध्ये कागदावर मान्य केलं आणि प्रश्न सरकारकडे गेला. एलआयसीला २०२१ मध्ये पाच दिवसांचा आठवडा मिळाला, महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासूनच. मार्च २०२५ मध्ये संघटनांनी या आणि इतर मागण्यांसाठी दोन दिवसांचा संप पुकारला आणि चर्चेनंतर पुढे ढकलला. मागणीला माझा पाठिंबा आहे. पण ज्याचा रविवारसुद्धा व्हॉट्सॲपवर जातो, त्याला दोन शनिवार मिळून नेमकं काय मिळेल, याची मला शंका आहे.

यावर एक विचित्र उतारा रिझर्व्ह बँकेच्याच नियमात सापडतो. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायची. त्या काळात त्याने शाखेत यायचं नाही, प्रणालीत शिरायचं नाही, फार तर ऑफिसची ईमेल बघायची. हेतू विश्रांतीचा अजिबात नाही. माणूस बाजूला झाला की त्याने काही दडवलं असेल तर बाहेर येतं, एवढाच विचार. पण या संशयाच्या रजेबद्दल बँकवाले फार प्रेमाने बोलतात. बँकेने कायद्याने फोन करायचा नाही असे वर्षातले तेवढेच दिवस.

मग नवी पिढी तरी येते कशाला? येते, कारण बाहेर काय आहे हे तिला दिसतं. २०१० नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच काउंटरवर शेजारी बसलेल्या दोघांचं म्हातारपण वेगवेगळं ठरलेलं आहे. जुन्या पेन्शनवाल्यांची मूळ पेन्शनही निवृत्तीच्या दिवशी जिथे होती तिथेच आहे. विलीनीकरणात देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन अशा बँकांच्या पाट्या उतरल्या आणि तिथल्या लोकांना चाळिशीत सासर बदलल्यासारखं झालं. तरीही पुण्यातल्या अभ्यासिकांत सदाशिव पेठेपासून नवी पेठेपर्यंत मुलं आयबीपीएसची गणितं सोडवत बसलेली असतात. पगार ठरल्या दिवशी येतो, बाळंतपणाची रजा भांडावी न लागता मिळते, आणि साहेबाच्या मनात आलं म्हणून कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणता येत नाही. ही यादी आईच्या काळात साधी वाटायची. आता ती दुर्मीळ झाली आहे.

आई अजून महिन्यातून एकदा पासबुक भरायला शाखेत जाते. यंत्र आहे, पण तिला काउंटर लागतं. मागच्या वेळी काउंटरवर नवी मुलगी होती, विदर्भातली. आईने सवयीने विचारलं, ‘कॅश जुळते का गं रोज?’ मुलगी म्हणाली, ‘कॅश पाच मिनिटांत जुळते, आजी. अटल पेन्शनचं एक राहिलंय आजचं. तुमच्या घरी कुणी अठरा ते चाळीसमधलं आहे का?’

आईने माझ्या भाचीचं नाव आणि फोन नंबर दिला. घरी येऊन मला म्हणाली, ‘सांग तिला, उद्या जाऊन ये म्हणून. दिवस जुळू दे पोरीचा.’